अ‍ॅक्रिलिकचा सांधा : चिकटवणे नव्हे, विरघळवणे

हौशी मत्स्यपालकाच्या घरी काचेच्या टाकीइतकेच महत्त्व तिच्या अवतीभवतीच्या साहित्याला असते. नुकत्याच जन्मलेल्या गप्पीच्या पिलांसाठी टाकीच्या कडेला अडकवायची छोटी पेटी, वरचे पाणी ओसंडून खाली नेणारा ओव्हरफ्लो, टाकीखालच्या कपाटात बसणारा गाळणीचा संप, खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर फेसावाटे मळ बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर, अशी ही यादी वाढतच जाते. या वस्तू बाजारात तयार मिळतात. परंतु आपल्या टाकीच्या आणि कपाटाच्या नेमक्या मापाच्या मिळतीलच याची खात्री नसते, आणि मिळाल्या तरी त्यांची किंमत अनेकदा टाकीपेक्षा जास्त भरते. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे आणून हे साहित्य घरीच बनवण्याकडे अनेकांचा कल असतो. नामफलक तयार करणाऱ्यांच्या दुकानांत असे उरलेले तुकडे वजनावर किंवा अंदाजाने स्वस्तात मिळतात. कापणे आणि भोके पाडणे थोड्या सरावाने जमते. खरी परीक्षा असते ती दोन तुकडे जोडण्याची.

ही परीक्षा किती कठीण आहे, हे आकड्यांवरून लक्षात येईल. ६० सेंटिमीटर लांबीच्या भिंतीमागे ३० सेंटिमीटर उंच पाणी उभे असेल, तर त्या भिंतीवरचा एकूण रेटा सुमारे २७ किलो वजनाइतका भरतो. लांबी तीच ठेवून पाण्याची उंची दुप्पट केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे १०८ किलो. हा भार रात्रंदिवस, वर्षानुवर्षे त्याच सांध्यावर पडत राहतो. सांधा सुटला की पन्नास-साठ लिटर पाणी दिवाणखान्यात पसरते, खालच्या मजल्याचे छत ओले होते, आणि माशांचे काय होते हे सांगायला नको.

काचेच्या टाक्या बनवण्याचा अनुभव असलेल्यांच्या हातून पहिली चूक येथेच होते. काचेला काच सिलिकॉनने उत्तम जोडली जाते, म्हणून तीच नळी ते अ‍ॅक्रिलिकवर रिकामी करतात. अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन वरवर लागते, पण पक्के धरत नाही. काही महिन्यांनी नखाने ओढले तरी ते अखंड पट्टीसारखे निघून येते. पाणी अडवणारी गादी म्हणून त्याचा उपयोग होईल, भार पेलणारा सांधा म्हणून नाही.

पदार्थाची ओळख

अ‍ॅक्रिलिक म्हणजे रासायनिक परिभाषेत पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. जर्मनीतील ओट्टो र्‍योम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये ते ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आणले. ब्रिटनमध्ये त्याच दशकात ‘पर्स्पेक्स’ हे नाव रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छतांसाठी त्याचा मोठा वापर झाला. त्याची घनता १.१९, म्हणजे काचेच्या निम्म्याहून कमी. प्रकाश मात्र ते सुमारे ९२ टक्के आरपार जाऊ देते. काचेला भोक पाडताना छातीत धडधड होते. अ‍ॅक्रिलिक साध्या करवतीने कापता येते आणि सावकाश फिरणाऱ्या ड्रिलने भोकही पाडता येते.

पत्रा घेताना दुकानदाराला एक प्रश्न आवर्जून विचारावा : माल कास्ट आहे की एक्सट्रूडेड? कास्ट पत्रा दोन काचांच्या मध्ये द्रवरूप एकवारिक ओतून, सावकाश घट्ट करून बनवतात. त्यातील रेणूंच्या साखळ्या फार लांब असतात. एक्सट्रूडेड पत्रा वितळलेला माल यंत्रातून दाबून काढून बनवतात. त्याची जाडी सर्वत्र अधिक सारखी असते आणि तो स्वस्तही पडतो. मात्र साखळ्या तुलनेने आखूड असतात आणि यंत्रातून निघताना बसलेला ताण आत शिल्लक राहतो. द्रावक लागताच हा ताण मोकळा होऊ पाहतो आणि पत्र्याच्या अंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात. पाणी धरून ठेवायची कोणतीही वस्तू कास्ट पत्र्याचीच करावी. नामफलकाच्या तुकड्यांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, म्हणून स्वस्त तुकडा पेटीच्या झाकणाला किंवा फिल्टरमधल्या जाळीला वापरणे शहाणपणाचे. कास्ट पत्र्याची जाडी थोडी कमीअधिक असते, हेही विसरू नये. ६ मिलिमीटर म्हणून घेतलेला पत्रा एका टोकाला साडेपाच भरला तर त्यात दुकानदाराची लबाडी नाही.

द्रावकाचे काम

अ‍ॅक्रिलिकच्या सांध्यात वापरला जाणारा पातळ द्रव हा रूढ अर्थाने गोंद नव्हेच. गोंद दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहतो आणि वाळून दोघांना धरतो. द्रावक मात्र दोन्ही पृष्ठभाग स्वतःत विरघळवतो. मऊ पडलेल्या थरांतील लांब साखळ्या एकमेकींत शिरतात, गुंततात. मग द्रावक हळूहळू उडून जातो आणि मागे उरतो तो फक्त अ‍ॅक्रिलिक. चांगल्या सांध्यात दोन तुकड्यांमधली रेषा शोधावी लागते. प्लंबर पीव्हीसीच्या नळांना सॉल्व्हंट सिमेंट लावतो, त्यामागचे तत्त्वही हेच.

आपल्याकडे नामफलकवाले पिढ्यानपिढ्या यासाठी क्लोरोफॉर्म वापरत आले आहेत. परदेशी बनावटीच्या तयार द्रावकांत बहुधा डायक्लोरोमिथेन असते. मेथिलिन क्लोराइड हे त्याचेच दुसरे नाव. पहिल्याचा उत्कलनबिंदू ६१ अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा जेमतेम ४० अंश. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण महाराष्ट्रात तो फार महत्त्वाचा आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा डायक्लोरोमिथेन सावलीतदेखील उकळू लागते. सुईतून ते बाहेर पडायच्या आत त्याचे बुडबुडे होतात, सांध्यात मुरण्याआधीच ते उडून जाते आणि आत पांढरे कोरडे डाग राहतात. विदर्भात हे काम उन्हाळ्यात पहाटे करावे, किंवा दिवाळीनंतरच्या थंडीपर्यंत थांबावे.

कोकण आणि मुंबईची अडचण निराळी. तेथे पावसाळ्यात हवेत बाष्प भरलेले असते. द्रावक वेगाने उडताना सांध्याजवळचा भाग थंड पडतो, त्यावर हवेतील ओल जमते आणि पारदर्शक सांधा दुधासारखा पांढुरका होतो. अशा सांध्याची ताकदही कमी भरते. पंखा लावल्यास बाष्पीभवन वाढून हा दोष बळावतो, आणि पंखा बंद ठेवून खिडक्याही लावून घेतल्या तर विषारी वाफ खोलीत साठते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हे काम न करणे, हाच यावरचा प्रामाणिक तोडगा.

कड साधली तर सांधा साधला

पातळ द्रावक फट भरून काढत नाही. ज्यांना हे पटत नाही ते पहिली पेटी वाया घालवून शिकतात. दोन तुकडे कोरडेच एकमेकांवर ठेवले असता मधून उजेड दिसता कामा नये. पातळ कागदही जाईल एवढी फट असेल, तर तो सांधा कच्चा राहणार. म्हणून एकूण वेळेतला निम्म्याहून अधिक वेळ कडा तयार करण्यात जावा.

करवतीने कापलेल्या कडेवर दात्यांच्या खुणा राहतात. राउटर किंवा सुताराकडचे रंधा मारण्याचे यंत्र उपलब्ध असेल तर उत्तम. नसेल तर जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर अंथरून त्यावर कड उभी घासावी. तुकडा एखाद्या चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून धरावा. नुसत्या हाताने घासल्यास कड मध्ये फुगीर आणि टोकांना गोल होते आणि नेमक्या कोपऱ्यांतच पाणी झिरपते. कड आरशासारखी चकचकीत करण्याची गरज नाही, ती सपाट आणि काटकोनात हवी. गुण्या लावून दोन्ही बाजूंनी तपासावी.

हौसेपोटी होणाऱ्या दोन गोष्टी येथे टाळल्या पाहिजेत. एक म्हणजे जोडायच्या कडेवर ज्योत फिरवून तिला चमक आणणे. त्याने कड सुंदर दिसते, पण तापून थंड होताना तेथे ताण अडकतो आणि द्रावक लागताच चिरा पडतात. दुसरी म्हणजे लेझरने कापून आणलेला तुकडा तसाच जोडणे. लेझरची कडही वितळून थिजलेलीच असते. लेझरनेच कापायचे असेल तर तुकडा थोडा मोठा कापून जोडायची कड घासून काढावी. पुसण्यासाठी स्पिरिट किंवा काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण वापरू नये. सौम्य साबणाचे पाणी पुरेसे, आणि त्यानंतर पूर्ण वाळवणे आवश्यक.

ओव्हरफ्लोचे दाते किंवा पाइपसाठीच्या खाचा कापताना आतले कोपरे टोकदार ठेवू नयेत. आधी बारीक भोके पाडावीत आणि मग भोकांपर्यंत कापत यावे, म्हणजे कोपरा आपोआप गोल राहतो. अ‍ॅक्रिलिकची चीर जवळजवळ नेहमीच टोकदार कोपऱ्यातून सुरू होते.

तारांची युक्ती

जोडण्याच्या अनेक रीती आहेत, पण पाण्याच्या पेटीसाठी जाणकारांची पसंती आहे ती तारांच्या रीतीला. खालचा तुकडा सपाट काचेवर आडवा ठेवावा. त्याचा संरक्षक कागद पूर्ण न काढता सांध्याच्या बाजूने दोन-तीन सेंटिमीटर सोलावा. त्यावर दुसरा तुकडा उभा करून गुण्याने काटकोनात आणावा आणि ठोकळ्यांच्या आधाराने तसाच स्थिर ठेवावा. आता विजेच्या लवचीक वायरमधील केसासारख्या तारा घेऊन त्या दर आठ-दहा सेंटिमीटरवर सांध्याच्या फटीत सरकवाव्यात, एक टोक बाहेर राहील अशा बेताने. तुकडा त्या तारांवर अगदी किंचित, मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा उचलला जातो.

बारीक सुई लावलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून किंवा सिरिंजमधून सांध्याच्या कडेने द्रावक सोडावा. तो केशाकर्षणाने स्वतःच आत ओढला जातो आणि ओली सीमारेषा आत सरकताना स्पष्ट दिसते. पूर्ण लांबी भिजली की थांबावे. हे थांबणेच नवशिक्याला जमत नाही. वीस सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत, जाडी आणि हवामान पाहून, दोन्ही कडा मऊ होऊ द्याव्या लागतात. मग तारा एकेक करून अलगद ओढून घ्याव्यात. वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने खाली बसतो, मऊ थर एकमेकांत दाबले जातात आणि जादा द्रव हवेचे बुडबुडे घेऊन कडेने बाहेर येतो. वरून जोर देऊ नये, शिकंजा आवळू नये. दाबल्याने मऊ झालेला मालच बाहेर फेकला जातो आणि मध्ये कोरडा पट्टा उरतो. हलके वजन ठेवावे, एवढेच. तारेचा तुकडा आत तुटून राहिला नाही याची खात्री करावी. तांबे कोळंबी आणि प्रवाळाला घातक असते. ज्यांना ही धास्ती नको त्यांनी स्टीलच्या बारीक टाचण्या वापराव्यात.

एका वेळी एकच सांधा, आणि तोही आडवा, हा नियम पाळावा. उभ्या सांध्यातून द्रावक खाली ओघळतो व पत्र्यावर कायमचा डाग पाडतो. म्हणून एक बाजू झाली की अर्धा-पाऊण तास थांबून पेटी वळवायची आणि पुढची बाजू आडवी आणायची. पेटीचा शेवटचा तुकडा लावल्यावर आतली वाफ बाहेर पडायला वाट ठेवावी. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद पेटीच्या तळाशी साचते आणि दुसऱ्या दिवशी आतून चिरांचे जाळे दिसते. पेटी काही वेळ उपडी धरली, तर ती पाण्यासारखी ओतून जाते.

फट राहिलीच तर अ‍ॅक्रिलिकचा चुरा क्लोरोफॉर्ममध्ये दोन दिवस मुरवून केलेला पाकासारखा दाट द्रव वापरण्याची पद्धत आहे. त्याने फट भरते, पण आत बुडबुडे राहतात आणि ताकदही कमी भरते. आतल्या कोपऱ्यात आधाराची पट्टी लावण्यासाठी तो ठीक. मुख्य सांधा त्याच्या भरवशावर सोडू नये.

वाफेचे विष

या विषयावर बोलताना बहुतेक कारागीर हसून विषय टाळतात. टाळण्यासारखा तो नाही. डायक्लोरोमिथेनची वाफ श्वासावाटे शरीरात गेली की तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. हृदयविकार असलेल्यांना हा धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गटात ठेवले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या सर्व घरगुती आणि बहुतांश औद्योगिक वापरांवर बंदीचा नियम काढला. क्लोरोफॉर्मही निरुपद्रवी नाही. भूल आणणारे, यकृतावर आघात करणारे हे रसायन उजेड आणि हवेच्या संपर्कात फॉस्जीन हा घातक वायू तयार करते. म्हणूनच ते तपकिरी बाटलीत येते. दोन्हींची वाफ ज्योतीच्या संपर्कात आली तरी फॉस्जीन आणि आम्लाची वाफ तयार होऊ शकते. जोडकाम चालू असलेल्या जागेत गॅस, निरांजन वा सिगारेट असता कामा नये.

डायक्लोरोमिथेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड, क्लोरोफॉर्मची चौपट. ती खोलीभर वर चढत नाही, फरशीलगत पसरते. रांगणारे मूल, जमिनीवर झोपलेले मांजर यांच्यापर्यंत ती आधी पोहोचते. मत्स्यपालकांच्या सहसा लक्षात न येणारी आणखी एक बाब आहे. टाकीत हवा सोडणारा पंप बहुधा खालीच ठेवलेला असतो. त्याच खोलीत काम केले तर तो ही वाफ ओढून थेट पाण्यात सोडतो. काम गच्चीत, अंगणात किंवा उघड्या व्हरांड्यात सावलीला करावे. कापडी रुमाल वा साधा मास्क या वाफेला मुळीच अडवत नाही. नायट्राइलचे पातळ हातमोजेही डायक्लोरोमिथेनपुढे काही मिनिटांतच हार मानतात; हातावर थेंब पडला तर मोजा लगेच काढून हात धुवावेत. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण सुई तुंबली की बाटली दाबण्याचा मोह होतो आणि द्रव भलतीकडे उडतो.

उरलेले द्रावक घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, नाव लिहून, कुलपात ठेवावे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. रंगहीन, पातळ द्रव आणि ओळखीची बाटली, एवढ्यावर अपघात व्हायला वेळ लागत नाही.

पाणी भरण्यापूर्वी

सांधा अर्ध्या तासात हातात धरण्याजोगा होतो. त्यामुळे काम संपल्याचा भास होतो. आत मुरलेला द्रावक बाहेर पडायला मात्र दिवसच्या दिवस लागतात आणि पूर्ण ताकद यायला आठवडा-दोन आठवडे. किमान दोन दिवस पाणी लावू नये. त्यानंतर पेटी वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदावर ठेवून पूर्ण भरावी आणि एक रात्र सोडावी. कागदावरचा ओला डाग गळतीची नेमकी जागा सांगतो. चाचणी दिवाणखान्यात नव्हे, न्हाणीघरात किंवा गच्चीवर घ्यावी. गळती नसली तरी पाणी रोज बदलत आठवडाभर पेटी भरून ठेवावी. नाकाला गोडसर वास येत असेल तोवर त्यात मासा सोडू नये.

काचेच्या संपमध्ये अ‍ॅक्रिलिकचे आडपडदे बसवणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवावी. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या सुमारे आठपट प्रसरण पावते आणि शिवाय पाणी शोषून फुगते. ४० सेंटिमीटरच्या पट्टीत हा फरक मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतो. घट्ट ठोकून बसवलेला पडदा काही आठवड्यांनी बाहेरच्या काचेलाच तडा देतो. संपवरचे झाकण कमानीसारखे वाकते त्याचेही कारण हेच : खालची बाजू ओली, वरची कोरडी.

कोरडे पडण्याचा प्रश्न मोठ्या टाक्यांच्या बाबतीतही चर्चेत आला आहे. बर्लिनमधील एका हॉटेलच्या दालनातील ‘अ‍ॅक्वाडोम’ ही सुमारे १० लाख लिटर पाण्याची दंडगोल अ‍ॅक्रिलिक टाकी १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे एकाएकी फुटली. सुमारे दीड हजार मासे होते, बहुतेक दगावले. दोन माणसे जखमी झाली. रस्त्यावर वर्दळ सुरू होण्यापूर्वीची वेळ होती म्हणून मनुष्यहानी टळली. तपासाअंती २०२३ मध्ये तज्ज्ञांनी निश्चित एक कारण सांगता येत नसल्याचे नमूद करून तीन शक्यता मांडल्या : तुकड्यांमधला सांधा निकामी होणे, तळाकडच्या भागावर आघाताची खाच असणे आणि नूतनीकरणाच्या काळात रिकाम्या टाकीचे अ‍ॅक्रिलिक वाळणे. अशा प्रचंड टाक्यांचे सांधे पातळ द्रावकाने जोडत नाहीत. तेथे द्रवरूप एकवारिक ओतून फटीतच नवे अ‍ॅक्रिलिक तयार करतात. तरीही घरच्या पेटीला यातून घेण्यासारखे आहे. वर्षभर कोरडी पडलेली जुनी पेटी पुन्हा वापरात घेताना एकदम काठोकाठ भरू नये. दोन-तीन दिवसांत थोडे थोडे पाणी वाढवावे आणि प्रत्येक कोपरा उजेडात धरून पाहावा.

सांध्यात बुडबुड्यांची रांग दिसली तर घाबरून बाहेरून द्रावक टोचत बसण्यात अर्थ नाही; आत गेलेला द्रव बुडबुडा भरून काढत नाही, उलट शेजारचा चांगला भाग मऊ करतो. पेटी रिकामी करून दोन दिवस वाळवावी आणि आतल्या कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी दाट द्रवाने बसवावी. बुडबुडे मधोमध, एकमेकांपासून सुटे असतील तर ते नुसते दिसायला वाईट. पण आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सलग माग दिसत असेल, तर पट्टीवरही विसंबू नये. तो तुकडा करवतीने कापून काढावा, नवी कड घासावी आणि पेटी दोन सेंटिमीटरने लहान झाल्याचे मान्य करून सांधा पुन्हा घ्यावा.